तोरिकाच्या सप्लायचा दुखवटा

तोरिकाचं हसू आधी ऐकू येतं, मग ती दिसते. फिजीतल्या सावुसावूच्या बाजारामागे माझं रोटी-भजीचं दुकान आहे आणि पत्र्याची एक भिंत सोडली की तिचं दुरुस्तीचं. ती पलीकडे हसली की माझ्या फळीवरच्या बश्या किणकिणतात. नवीन गिऱ्हाईक दचकतं, जुनं गिऱ्हाईक म्हणतं, "काकी, आज काय झालं बघा जरा पलीकडे."

खाडीपलीकडच्या नाकोरोवाई गावची ही पोर. बाप खोबरं वाळवायचा. घरात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. बाप मळ्यात गेलेला असताना तिनं तो उघडला आणि परत बंद केला. एक स्क्रू उरला. पण रेडिओ आधीपेक्षा मोठ्यानं वाजायला लागला, म्हणून मार वाचला. "तो स्क्रू कुठला, ते ती अजून शोधतेय," असं तिचा मामेभाऊ इनोके सगळ्यांना सांगत असतो.

शाळा संपल्यावर ती सावुसावूला आली ती थेट बिसुन मास्तरांच्या दुकानात. मोठ्या रस्त्यावर 'बिसुन रेडिओ' अशी पाटी होती तेव्हा. मास्तर माझ्यासारखेच भारतीय वंशाचे, किरकिरे, पण हाताला चोख. पोरगी म्हणून त्यांनी तिला कधी सूट दिली नाही, आणि फिजीयन म्हणून कधी हिणवलंही नाही. डाग द्यायची झाळणी कशी धरायची, कथील कधी वितळलं ते रंगावरून कसं ओळखायचं, सगळं त्यांनी शिकवलं. "आधी कान, मग नाक, मग मीटर," हा त्यांचा मंत्र. म्हणजे आधी ऐक, मग वास घे, आणि काहीही वाटलं तरी शेवटी मोजूनच बोल.

दोघांचं फाटलं ते एका शिडाच्या बोटवाल्यामुळे. तो बोटीवरचा रेडिओ घेऊन आला. मास्तरांना त्या दिवशी बरं नव्हतं की काय, कोण जाणे, त्यांनी न उघडताच सांगितलं, "संपला हा. नवा घ्या." जेवणाच्या सुट्टीत तोरिकानं तो उघडला. आत एक वायर सुटली होती. ती जोडली, रेडिओ बोलायला लागला आणि तो बोटवाला दुकानात नाचायला लागला. मास्तर हात धुऊन आले आणि म्हणाले, "या दुकानात माझा शब्द चालतो."

"शब्द चालतो हो मास्तर," तोरिका म्हणाली, "रेडिओ चालत नव्हता."

दुकानात चार माणसं होती. चौघंही हसली. ते हसणं मास्तरांच्या जिव्हारी लागलं, आणि त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. पिशवी खांद्याला लावून ती बाहेर पडली आणि काही दिवसांनी माझ्या शेजारी टेबल टाकून बसली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मधे बरीच वर्षं गेली. मास्तरांनी दुकान बंद केलं आणि लंबासाच्या रस्त्यावर मुलाच्या मळ्यात राहायला गेले. गावात येणं जवळजवळ संपलंच.

तोरिकाचं लग्न झालं नाही. तावेउनी बेटावरचा एक जण मागे लागला होता, बरा होता दिसायला. तिनं एकच अट घातली, "घरात काय हवं ते कर, टेबलावरच्या वस्तूंना हात लावायचा नाही." त्यानं पहिल्याच भेटीत टेबल आवरून दिलं. झालं, परत बोटीत.

त्या टेबलावर सगळ्यात लाडका होता तिचा पॉवर सप्लाय. राजधानी सुवातल्या एका कॉलेजानं जुनं सामान काढलं तेव्हा तिनं तो आणला. दगडासारखा जड डबा, पुढे दोन सुया, दोन बटणं आणि एक लाल दिवा. भिंतीतली वीज घ्यायची आणि पाहिजे तेवढीच, मोजून पुढे द्यायची, हे त्याचं काम. दुरुस्तीला आलेल्या वस्तूत काही खोट असली तर तो हात आखडता घेतो आणि लाल दिवा लावतो, म्हणजे वस्तू जळत नाही. दिवसभर तो तिच्या उजव्या हाताला गुणगुणत बसायचा आणि ती त्याच्याशी बोलायची.

त्याला 'नवरा' म्हणायला लागला तो इनोकेच. "ऊब देतो, गुणगुणतो आणि उलटून बोलत नाही," तो म्हणायचा. "याहून चांगला नवरा तुला कुठे मिळणार?" फिजीयन लोकांत आते-मामे भावंडांना एकमेकांची टिंगल करायचा जन्मसिद्ध हक्क असतो, आणि इनोके आपला एकही हक्क सोडणाऱ्यातला नव्हे. हळूहळू सगळा बाजार त्या डब्याला तोरिकाचा नवरा म्हणायला लागला. मासळीवाल्या बायका सकाळी येता-येता विचारायच्या, "काय गं, नवरा उठला का?"

तर तो नवरा ज्या दिवशी गेला, त्या दिवशी मी तिथेच होते, चहा घेऊन आले होते.

इनोके आपल्या होडीतून लोकांना खाडीपार नेतो-आणतो. त्या दुपारी तो होडीची बॅटरी खांद्यावर घेऊन आला. "चार्ज होत नाही नीट. जरा बघ." बॅटरीला त्यानं नव्या वायरी लावल्या होत्या, एक लाल, एक काळी, टोकांना चिमटे. फार छान दिसत होतं.

आता तोरिकाचा नियम असा, की कुणाच्याही वायरीच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. मीटर लावायचा, अधिक कुठलं नि उणे कुठलं ते बघायचं, मगच जोडायचं. यावरून तिनं अख्ख्या सावुसावूला झाडलेलं आहे. पण इनोके त्या वेळी नव्या पाद्रीबाबांची गोष्ट सांगत होता. पाद्रीबाबा होडीतून उतरताना एक पाय धक्क्यावर, एक पाय होडीत, होडी चालली मागे आणि पाद्रीबाबा म्हणतायत, "इनोके, मी प्रार्थना करू की उडी मारू?" तोरिका हसत होती, माझ्या बश्या वाजत असणार, आणि हसता-हसताच तिनं लाल चिमटा सप्लायच्या लाल टोकाला लावला, काळा काळ्याला.

फट्कन ठिणगी उडाली. धूर नाही, काही नाही. सप्लायची सुई शून्यावर आडवी झाली आणि लाल दिवा लागला. तोरिकानं चिमटे ओढून काढले. दिवा तसाच. पुढे आता काहीच जोडलेलं नव्हतं, तरी तसाच.

तिचं हसू असं थांबलं की मला ते आवडलं नाही.

तिनं मीटर उचलला, बॅटरीला लावला आणि इनोकेकडे बघितलं. "लाल वायर उणेला लावलीयस तू."

"मग? होडीत तशीच चालायची. मी लक्षात ठेवलं होतं."

"तू लक्षात ठेवलं होतंस! मला कोण सांगणार?"

"मला काय माहीत तू रंगावर जाशील? तूच तर सगळ्यांना सांगतेस, मीटर लाव, मीटर लाव!"

तोरिकानं बॅटरी त्याच्याकडे ढकलली. तो मात्र खूश. बॅटरी उचलून गेला तो सगळ्या धक्क्यावर सांगत, "तोरिकाचा नवरा गेला! तिच्याच हातून!"

एरवी ही नुसती गंमत झाली असती. पण टेबलावर नाकोरोवाईच्या चर्चचा अॅम्प्लिफायर उघडा पडला होता. रविवारी गावात नव्या पाद्रीबाबांचं स्वागत, दोन गावांची गायकमंडळं येणार आणि लाऊडस्पीकर मुका. तोरिकानं आतले जळके भाग बदलले होते, फक्त चालवून बघायचं राहिलं होतं. ते सप्लायवरच बघायला हवं. बॅटरीला थेट जोडलं आणि आत एखादी खोट राहिलेली असली, तर बॅटरी काही हात आखडता घेणार नाही, सगळं जाळून मोकळी होईल.

तोरिकानं डब्याचं झाकण काढलं. मी भजी तळायला परत गेले, पण मधूनमधून डोकावत होते. ती आधी नाक लावून वास घ्यायची, मग मीटरची दोन टोकं इकडे-तिकडे टेकवायची. मीटर एकसारखा पिंपिं करत होता. म्हणजे जिथून वीज बाहेर येते तिथे आतल्या आतच दोन्ही टोकं जुळली होती. कुणामुळे जुळली, एवढंच शोधायचं होतं. संशयित तीन-चार. तिनं झाळणी तापवली, एका काळ्या, पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या डायोडचा एक पाय सर्किटच्या पट्टीतून वर उचलला आणि पुन्हा मोजलं. पट्टी गप्प झाली. डायोड मात्र पिंपिं करत राहिला, इकडून लावा की तिकडून.

"सापडला," ती म्हणाली. "काकी, हा बघा."

मला त्यात काय दिसणार! अंगावर एक पांढरा पट्टा, पोटाला बारीकशी चीर.

"डायोड म्हणजे एका बाजूनंच उघडणारं दार," ती म्हणाली. "हा इथे नुसता रखवालदार म्हणून उभा असतो. रोज काही काम नाही. पण कुणी बॅटरी उलटी लावली, तर तो ती वीज स्वतःवर घेतो, पुढे आत जाऊ देत नाही. आज दुपारी घेतली त्यानं. एवढी घेतली की बिचारा आतून वितळला. आता दार दोन्हीकडून सताड उघडं."

"म्हणजे बाकीचं शाबूत?"

तिनं डायोड पूर्ण काढून टाकला आणि डबा चालू केला. लाल दिवा विझला. सुई सरळ वर गेली, जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबली.

"मग झालं की!" मी म्हटलं. "चालतोय तर. रखवालदार नंतर आण."

"तसं चालेल, काकी." ती सुईकडे बघत म्हणाली. "पण आज माझा हात चुकला. उद्या चुकणार नाही कशावरून? आणि या वेळी मधे उभं राहायला कुणी नाही." तिनं डबा बंद केला. तिच्याकडे होते ते डायोड बारीक, तांदळाएवढे. त्या जागी ते पहिल्याच चुकीला मेले असते. जाड हवा होता. सुवाहून सामान आणणारी बोट रविवारच्या आधी येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनोके आला तो एकटा नाही. काखेत गुंडाळलेली चटई, हातात यंगोनाच्या मुळांची जुडी, मयताच्या घरी नेतात ती, मागे टॅक्सीवाले आणि धक्क्यावरचे हमाल, सगळे माना खाली घालून. दुकानापुढे चटई अंथरली, मांडी घालून ओळीनं बसले. इनोकेनं जुडी पुढे ठेवली आणि मयताच्या घरी बोलतात तसा घोगरा आवाज काढला.

"आम्ही खाडीकाठची माणसं, मोठं दुःख घेऊन आलोय. जो गेला तो शांत होता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मोजून द्यायचा, मोजून घ्यायचा. त्याची बायको तापट होती, पण त्यानं कधी—"

तोरिकानं झाळणी पुसायचा ओला स्पंज त्याच्या तोंडावर फेकला. माझ्या बश्या पुन्हा वाजायला लागल्या तेव्हा मला बरं वाटलं. मग काय, आणलेली यंगोना वाया घालवायची नसते. कुटली, पाण्यात कालवली, टाळ्या वाजवून वाट्या फिरल्या, आणि येणारा-जाणारा विचारायला लागला, "काय झालं?" "तोरिकाचा नवरा गेला." काही जण हसून बसले. काही घाईत होते, "अरेरे" म्हणून पुढे गेले. लंबासाच्या बसचा ड्रायव्हर घाईत होता.

त्या दुपारच्या परतीच्या बसनं बिसुन मास्तर आले.

मी आधी ओळखलंच नाही. केस पूर्ण पांढरे झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कागदात बांधलेली यंगोनाची जुडी. माझ्या दुकानाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "सुभागी, आत आहे का ती?"

"आहे," मी म्हटलं. मला वाटलं, मास्तरांना कळलं सप्लायचं आणि इतक्या वर्षांनी मदतीला आले. म्हणून मी काही बोलले नाही. हे मी मुद्दाम केलं असं तोरिका अजून म्हणते. खोटं आहे.

तोरिका त्यांना बघून उभी राहिली. इनोके कोपऱ्यात यंगोनाच्या गुंगीत बसला होता. मास्तरांनी जुडी टेबलावर ठेवली, खाली बघत म्हणाले, "ऐकलं मी. बसवाल्यानं सांगितलं. मनाला फार लागलं. कधी गेला?"

"काल दुपारी," तोरिका म्हणाली. तिनं घाईनं खुर्ची पुसून पुढे सरकवली.

"एकदम? काही होत होतं का आधी?"

"काही नाही," इनोके म्हणाला. "चांगला होता. उलटी लागली आणि एका झटक्यात गेला."

"अरेरे! आणि इस्पितळात नाही नेलं?"

"इथेच केलं ना सगळं. हिनं स्वतः उघडून बघितलं."

मास्तरांनी पत्र्याची भिंत धरली. "उघडून?"

"एक पाय कापायला लागला," इनोके म्हणाला. "तेव्हा कळलं कशानं गेला ते."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. मी पाणी आणायला वळले तेवढ्यात त्यांची नजर टेबलावर गेली. झाकण काढलेला सप्लाय, शेजारी मीटर, आणि कागदाच्या तुकड्यावर एकटा पडलेला काळा डायोड. त्यांनी सप्लायकडे बघितलं. इनोकेकडे बघितलं. मग तोरिकाकडे.

"हा नवरा?"

तोरिकाला काय झालंय ते तेव्हा कुठे उमगलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मास्तर, मी... तुम्हाला वाटलं..."

"मी आंघोळ करून आलो!" मास्तर ओरडले. "सुनेकडून सदरा इस्त्री करून घेतला! बसमध्ये तासभर मी विचार करतोय, पोरीला काय म्हणायचं, कसं म्हणायचं, आणि हा..." ते उठले आणि दाराकडे निघाले.

आता गेलेच, मला वाटलं. पण दारात त्यांचे पाय थांबले. पाठमोरेच उभे राहून त्यांनी विचारलं, "मोजलास कसा? पट्टीवर असतानाच?"

"एक पाय उचलून," तोरिका म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

"बाकीचे तपासले?"

"सगळे. शाबूत आहेत. हा काढल्यावर सुई नीट उठते."

मास्तर परत आले. खिशातून चष्मा काढला, डायोड उचलून उजेडात धरला. "तीन अँपिअरचा असणार. होडीच्या बॅटरीपुढे याचं काय चालणार. इथे सहाचा हवा." मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "लाल वायरीवर विश्वास ठेवलास?"

"ठेवला."

"कान, नाक, मीटर. मीटर कुठे होता?"

"मीटर टेबलावर होता, मास्तर. मी हसत होते."

मास्तरांच्या मिशा हलल्या. "ते मात्र शिकवण्यानं जात नाही," ते म्हणाले. मी चहा ठेवला तो त्यांनी घेतला. मग मास्तर बशीत बघतच म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर बोललीस तू."

"बोलले," तोरिका म्हणाली. "नको होतं बोलायला. आणि तुम्ही न उघडताच म्हणालात, संपला."

"म्हणालो." चहा संपला. "मळ्यावर माझे डबे आहेत. त्यात असेल जाड डायोड. कुणाकडे गाडी आहे का?"

इनोके चटकन शुद्धीवर आला आणि चुलतभावाची व्हॅन मागून आणली. तो गाडी चालवणार म्हणाला तेव्हा मास्तरांनी त्याच्या डोळ्यांत बघून चुलतभावालाच चालवायला लावलं.

दिवस मावळायच्या आत ते परत आले, मांडीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. आत मोडक्या टीव्ही-रेडिओतून काढून ठेवलेले डायोड, शेंगदाण्यांसारखे. मास्तरांनी एकेक मीटरवर लावून बघितला आणि त्यातला दांडगा निवडला. मग भांडण सुरू झालं. तोरिका म्हणाली, पाय लांब ठेवून पट्टीपासून उंच बसवू, तापला तरी खालची पट्टी करपणार नाही. मास्तर म्हणाले, आखूडच ठेव, लांब पाय हलतात. ती म्हणाली, हा काही होडीत बसणार नाहीये. ते म्हणाले, तुझ्या दुकानात सगळंच होडीत बसतं. शेवटी पाय मधलेच ठेवले आणि दोघंही आपलंच खरं झालं असं समजून कामाला लागली.

जुन्या भोकांतलं कथील काढून जागा साफ केली. मास्तरांनी झाळणी हातात घेतली. थेंबभर कथील टेबलावर पडलं. त्यांनी तसं दाखवलं नाही, पण झाळणी तिच्याकडे सरकवली. "तूच कर. मी पट्टा बघतो." पांढरा पट्टा अधिकच्या बाजूला हवा, तो उलटा बसला तर सप्लाय चालू करताच पुन्हा तीच तऱ्हा. मास्तरांनी पट्टा बघितला, तोरिकानं बघितला, आणि इनोके मधे डोकं घालून म्हणाला, "उलटा नाही ना?" तेव्हा दोघांनी मिळून त्याला बाहेर काढला.

कथील चमकून बसलं. तिनं मीटर लावला: एकीकडून वाट मिळते, दुसरीकडून नाही. मग मास्तरांनी माझ्या दुकानातला बल्ब काढून आणायला लावला आणि सप्लायला जाणाऱ्या विजेच्या वाटेत मधेच जोडला. आत अजून काही घोटाळा असला तर बल्ब पेटून राहील आणि डबा वाचेल. मी अंधारात कढईशी उभी राहून पत्र्याच्या भोकातून बघत होते.

तोरिकानं बटण दाबलं. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद होत होत नुसता निखाऱ्यासारखा राहिला. लाल दिवा लागला नाही. सुई उठली. डबा गुणगुणायला लागला.

"उठला!" बाहेरून इनोके ओरडला. "नवरा उठला, वर त्याला सासराही मिळाला!"

चर्चचा अॅम्प्लिफायर त्याच संध्याकाळी जोडला. तो एकदा खरखरला, एकदा किंचाळला आणि मग इतका स्वच्छ बोलला की तोरिकानं त्याच्या माईकला तोंड लावून माझ्याकडे दोन चहा मागवले. अख्ख्या बाजारानं ऐकलं.

रविवारी आम्ही सगळे इनोकेच्या होडीतून नाकोरोवाईला गेलो. पाद्रीबाबा धक्क्यावर हात जोडून उभे होते, पण होडीपासून चांगले लांब. दोन्ही गावांनी असं गायलं की लाऊडस्पीकर नसता तरी सुवापर्यंत ऐकू गेलं असतं. पण असल्यामुळे पाद्रीबाबांचंही थोडं ऐकू आलं. नंतर चटयांवर पंगत बसली. नारळाच्या दुधातली मासळी, उकडलेला दालो म्हणजे अळूचा कंद, आणि माझी भजी मी नेली होती. बिसुन मास्तरांना तोरिकाच्या आईशेजारी बसवलं होतं. म्हातारीला आता कमी दिसतं. तिनं त्यांचा हात चाचपून धरला.

"तुम्हीच का ते? माझ्या पोरीला रागावणारे?"

मास्तर घास हातातच धरून म्हणाले, "हो. मीच तो."

"कमी पडलात," म्हातारी म्हणाली आणि त्यांच्या पानात मासळीचं डोकं वाढलं. पाहुण्याला देतात ते.

आता बुधवारच्या बसनं मास्तर येतात. दुपारपर्यंत तोरिकाच्या टेबलाशी बसतात, तिनं केलेल्या कामाला नावं ठेवतात आणि ती त्यांच्या डब्यातले निम्मे डायोड मेलेले आहेत हे त्यांना मोजून दाखवते. गेल्या बुधवारी पंख्याच्या एका मोटारीवरून इतकं जुंपलं की बाजारातली माणसं पत्र्याला कान लावून उभी होती. शेवटी मोटार फिरली, पण उलटी. चूक कुणाची, हे अजून ठरलेलं नाही. मास्तर बसमध्ये चढताना म्हणाले, "सुभागी, पुढच्या खेपेला भज्यांत मिरची जरा जास्त घाल. ओरडायला जोर येतो."